कोयता आणि बाकीची टोकं

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आजपासून लिहायला घेतलंय, कारण बोलायची सोय राहिलेली नाही. परेशसमोर कॉलेजचा विषय काढला की नवरोबा टीव्हीचा आवाज वाढवतात. सासूबाई निदान ऐकून घेतात, पण शेवटी विचारतात, "म झाली का गो तुजी परीक्षा?" त्यांना वाटतं, मी इतकी वर्षं एकाच पेपराला पुन्हा पुन्हा बसतेय आणि नापास होतेय. तसं बघायला गेलं तर त्यांचं काय चुकलं?

मुद्दा एकदा नीट मांडून ठेवते, म्हणजे पुढे चिडताना तो सुटायचा नाही. विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. पंख संपतो तिथे खालची हवा वळसा घालून वर चढते आणि मागे भोवरा सोडत जाते. तो भोवरा विमानाला मागे ओढतो, आणि त्यात फुकटचं इंधन जळतं. म्हणून पंखाचं टोक वळवतात. त्याला विंगलेट म्हणतात. कोणी टोक गोलाईने वर नेतं, कोणी एक पातं वर आणि एक खाली काढतं. लांब पल्ल्याच्या काही विमानांना उभं काही नसतंच, टोक नुसतं मागे निमुळतं होत जातं. माझी पीएचडी या टोकांच्या तुलनेवर आहे, आणि त्यात माझं स्वतःचं एक टोक आहे. आधी मागे झुकतं, मग हळूच वर वळतं. लॅबमध्ये सगळे त्याला कोयता म्हणतात. नाव गोरखमामांनी ठेवलं.

गोरखमामा म्हणजे आमचे लॅब असिस्टंट. माझ्या माहेरचे, गव्हाणचे, म्हणून मामा. वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत.

विद्यापीठाने शेवटची मुदत दिलीय, ३१ जानेवारी. त्यानंतर माझी नोंदणी रद्द. पीएचडी नाही म्हणजे बढती नाही, आणि बढती नाही म्हणजे काल रुजू झालेली पोरं माझ्या डोक्यावर बसणार. आणि आज काय निघालं? कोयत्याला हवेचा विरोध साध्या, न वळवलेल्या पंखापेक्षाही जास्त! म्हणजे मी वर्षानुवर्षं डोकं लावून पंख बिघडवला. असा वैताग आला की विंड टनेलचं, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून विरोध मोजायच्या आमच्या बोगद्याचं, दार आपटलं. मामा म्हणाले, "दाराचं काय चुकलं म्याडम?"

१३ सप्टेंबर, शनिवार

गाईड राणे सरांकडे गेले होते. डॉ. उदयसिंह राणे. माणूस विद्वान आहे, त्यात वाद नाही, पण बोलताना चष्म्याच्या वरून बघतात आणि मला सातवीत गेल्यासारखं वाटतं.

म्हणाले, "संजना, विंगलेट ही जादू नाही. पंख लांब केला तरी हाच फायदा मिळतो, उलट थोडा जास्तच. पण लांब पंखाचं विमान विमानतळावर उभं करायला जागा लागते. म्हणून वर वळवायचं. मग वजन वाढतं, पंखाच्या मुळावर ताण येतो, छोट्या फेऱ्यांना तर फायदा वजनातच संपून जातो. तुझ्या कोयत्यात या सगळ्याहून वेगळं काय आहे?"

मी म्हटलं, "सर, तेच तर शोधतेय."

"आणि दुसरं. तुमचं टनेल लहान, वेग कमी. एवढ्या कमी वेगाला हवा गुळगुळीत पंखाला नीट चिकटून जात नाही, मध्येच सुटते. पंखाचा पृष्ठभाग कसा आहे यावर लक्ष ठेव."

हे मी स्वतः तिसऱ्या वर्षाला शिकवते! मान डोलावली आणि बाहेर पडले. घरी येऊन परेशला जागेची गोष्ट सांगितली, तर चक्क टीव्ही बंद करून म्हणाला, "आमच्याकडे तेच. जागा नसली की कंटेनरवर कंटेनर चढवायचा." तो जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं संशोधन त्याला कळलं, आणि तेही दोन वाक्यांत. मला आनंद व्हायला हवा होता. उलट चिडचिड झाली.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. विभागात मी एकटी बाई, त्यामुळे लेथ मशीनपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावायचं काम दरवर्षी माझंच. "मॅडम, तुम्ही लावा, तुम्ही सवाष्ण." तुम्ही प्रोफेसर, तुम्ही टनेल चालवा, असं कोणी म्हणत नाही. एचओडी सर पेढ्यांच्या पुड्यावर नजर ठेवून उभे होते.

गेल्या वर्षी पूजा झाल्या झाल्या प्राचार्यांनी हौसेने टनेलचं बटण दाबलं, आणि सगळं कुंकू उडून पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टांवर! त्यावर उपाय म्हणून मामांनी या वर्षी कुंकू डिंकाच्या पाण्यात कालवून आणलं. "आवंदा उडनार नाय," म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, जसं काही पेटंट मिळालंय.

माझे चार पंख आहेत. प्रत्येक थ्रीडी प्रिंटरवर अखंड छापलेला, फक्त टोकं वेगळी. तीन काचेच्या कपाटात होते, कपाटाची किल्ली एचओडींकडे, आणि एचओडी फोटो काढून घेण्यात दंग. टनेलमध्ये बसवलेला एकटा कोयता. मामा म्हणाले, "कोयत्याला बक्कळ लावा. तुमचाच हाय ना." मी इतकी वैतागले होते की मुळापासून टोकापर्यंत पुढच्या कडेवर बोटं टेकवत गेले. घ्या बक्कळ! वर अक्षता. तांदूळ नंतर झटकले.

६ ऑक्टोबर, सोमवार

बॅगही न उतरवता लिहायला बसलेय.

कोयता चालला. आज टनेल लावलं आणि विरोध धाडकन खाली आला. मला वाटलं काटा अडकला. पुन्हा शून्यावर आणलं, पुन्हा लावलं. तेच. पुन्हा. तेच! बाकीची तिन्ही टोकं जिथल्या तिथे आहेत आणि माझा कोयता त्यांच्या कुठल्या कुठे पुढे.

कारण मला माहीत आहे. गेल्या महिन्यात वळणावरचा बारीक उंचवटा मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढला होता. टोक म्हणजे टोक, केसाएवढा फरकही तिथे बोलतो. नऊ वर्षं! कोणाला सांगू असं झालं. मामांना सांगितलं तर ते टनेलला नमस्कार करून आले.

कुंकू अजून कडेवर आहे, डिंकामुळे घट्ट बसलंय. पुसायला कापड हातात घेतलं होतं. पण परेशची नाइट चालू आहे, आणि परवाच त्यांच्या यार्डात एक कंटेनर साखळीतून निसटला, हा अगदी बाजूला उभा. ठेवलं कापड परत. रंगाला कुठे जाडी असते?

८ ऑक्टोबर, बुधवार

घराजवळच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन. उलव्याकडचे रस्ते बंद, कॉलेजला पोचताच आलं नाही. विमानांवर संशोधन करणारी बाई विमानतळामुळे घरी बसली. सासूबाई दिवसभर गच्चीवर.

१८ ऑक्टोबर, शनिवार

राणे सरांना आकडे दाखवले. कमरेत वाकून शाबासकी देतील असं नव्हतं वाटलं, पण निदान हसतील? कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "एवढा फायदा खऱ्या विमानांनाही होत नाही. चांगल्यात चांगलं विंगलेट चार-पाच टक्के इंधन वाचवतं, तेही लांबच्या प्रवासात. हे तिप्पट आहे."

"म्हणजे चुकीचं आहे?"

"म्हणजे मला भीती वाटते. दुसरा कोयता छापून घे. तोही असाच वागला तर मी स्वतः पेढे वाटेन."

तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट आकडे आणले तेव्हा वाईट म्हणाले, चांगले आणले तर भीती वाटते! एखाद्या मुलाने आणले असते तर एव्हाना परिषदेला पाठवलं असतं. परतीच्या रिक्षात मनातल्या मनात त्यांच्याशी इतकी भांडले की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

कळंबोलीच्या आर्यनला फोन केला. आमची मॉडेलं तोच छापतो, लोखंडबाजाराच्या मागे त्याचा गाळा आहे. म्हणाला, "मॅडम, दिवाळीनंतर." दिवाळीनंतर म्हणाला, "बहिणीचं लग्न." लग्नानंतर म्हणेल, मशीन बाळंतीण झालंय.

(हे शेवटचं मी नोव्हेंबरात त्याच पानावर घुसडलंय. लग्न झालं. मशीन नादुरुस्त आहे.)

२५ डिसेंबर, गुरुवार

आजपासून विमानं सुरू झाली. सासूबाईंनी मला ओढत गच्चीवर नेलं. मी शोधप्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात बुडालेली, कोयत्याचंच प्रकरण ते, सगळ्यात चांगलं झालंय. तरी गेले.

एक विमान उतरायला आलं, टोकं वर वळलेली. म्हातारी म्हणाली, "हा बग, पंख दुमडून आला." मग दुसरं आलं, त्याला एक पातं वर, एक खाली. "ह्याचा येगला कसा?"

मी सांगत बसले. खरं म्हणजे छान वाटलं. म्हटलं, खाजणात बांधाच्या टोकाला पाणी कसं गिरकी घेतं, तशी हवा पंखाच्या टोकाला घेते. ती गिरकी बारीक करायची, एवढंच काम. कोणी एका पात्याने करतं, कोणी दोन. लांब जाणाऱ्याला वेगळं परवडतं, जवळ जाणाऱ्याला वेगळं.

"नी तुजा?"

"माझं दोघांहून चांगलं आहे, आई."

"म तुजा का नाय लावला त्यानी?" म्हातारी खरंच रागावली होती, त्या विमानावर. मी हसले. आज बऱ्याच महिन्यांनी हसले असेन.

२९ डिसेंबर, सोमवार

दुसरा कोयता आला. दिवसभर टनेलवर होते. काहीही फायदा नाही. साध्या पंखापेक्षा वाईट, अगदी सप्टेंबरसारखा.

३० डिसेंबर, मंगळवार

कळंबोलीला जाऊन आर्यनशी भांडले. चारचौघांत. म्हटलं, वळण बिघडवलंस, माल हलका वापरलास, माझं आयुष्य आहे ते, तुझ्यासाठी प्लास्टिक असेल! बिचारा मोजायचं यंत्र घेऊन आला आणि दोन्ही कोयते शेजारी ठेवून माझ्यासमोर मोजले. जसेच्या तसे. माझ्या घासलेल्या वळणासकट, कारण फाईल मी नंतर सुधारून दिली होती. "मॅडम, फाईल तुमचीच, मशीन तेच." मी सॉरी न म्हणता निघाले.

कॉलेजात येऊन मामांवर घसरले. नवीन कोयता आणताना पडला असणार, कुठे आपटला असणार, सांगत नाही आहात. मामा म्हणाले, "माज्या हातून आजपतुर कप पन फुटला नाय." आणि खरंच नाही फुटलेला.

५ जानेवारी २०२६, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

सकाळी टनेलपाशी बसले होते, दोन्ही कोयते समोर. मामा चहा घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, रागवू नका. ह्या दुसऱ्याची पूजा कुटं झाली? पयल्याला कुकू लागला, तो चालला. ह्याला नाय लागला, हा नाय चालत. साधी गोष्ट हाय."

माझा तोल गेला. म्हटलं, मामा, हे विज्ञान आहे, हे तुमचं नवसाचं दुकान नाही! म्हटलं, आणा तो कुंकवाचा करंडा, आणा डिंक, आत्ता लावते तुमच्यासमोर, आणि बघा काय होतं ते, म्हणजे एकदाचं तुमच्या डोक्यातून जाईल. मामा आज्ञाधारकपणे गेले आणि कालवून घेऊन आले. मी रागारागाने तशीच बोटं टेकवली, पुढच्या कडेवर, मुळापासून टोकापर्यंत. पंख्याखाली वाळवलं. टनेल लावलं.

विरोध धाडकन खाली.

मामांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सांगला नव्हता?"

मी खुर्चीवर बसले ती बसलेच. देवा रे देवा. रंगाला जाडी नसते, पण वाळलेल्या डिंकाला असते. कडेवर बारीक बारीक फोड उठले होते, बोटाला खरखरीत लागत होते. गुळगुळीत पंखावरून या वेगाला हवा मध्येच सुटते. कडेला खरखर असली की हवा जरा घुसळते आणि पंखाला चिकटून मागेपर्यंत जाते. विरोध कमी होतो. मोठ्या विमानाला याचा काही उपयोग नाही, तिथे वेगच इतका असतो की हवा आपोआप घुसळते. हे फक्त आमच्या टीचभर टनेलमधलं. आणि हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते! परीक्षेला विचारते! न आल्यास मार्क कापते!

राणे सरांनी सांगितलं होतं, पृष्ठभागावर लक्ष ठेव. मी मान डोलावली होती.

६ जानेवारी, मंगळवार

साध्या पंखालाही कुंकू लावून पाहिलं. त्याचाही विरोध तेवढाच घसरला. मग पहिल्या कोयत्याचं ओल्या फडक्याने पुसून काढलं. तो परत सप्टेंबरच्या जागी. म्हणजे कोयत्यात काहीही नाही. कधीच नव्हतं. चौथं प्रकरण म्हणजे माझ्या बोटांचे ठसे.

फडकं हातात घेतलं तेव्हा मामा खोलीतून निघून गेले. परेशची सध्या डे शिफ्ट आहे. म्हणून पुसलं, असं मी लिहिणार नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

राणे सरांना सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून तयारीने गेले होते. ओरडले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले, ते जास्त वाईट. म्हणाले, सगळ्या पंखांना सारखी खरखर लावून सगळी मोजणी पुन्हा करावी लागेल. महिनाभरात होणार नाही. मुदतवाढ हवी.

एचओडींनी विद्यापीठात विचारलं. मुदतवाढ मिळते, पण चूक उमेदवाराची नसेल तरच. यंत्र बिघडलं, कर्मचाऱ्याने घोळ घातला, असं काही असलं तर.

दुपारी एचओडींनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला अर्ज तयार होता. "प्रयोगशाळा सहायकाने परवानगी न घेता मॉडेलवर बाह्य पदार्थ लावल्यामुळे निष्कर्ष दूषित झाले." खाली माझ्या सहीची जागा.

"सर, लावलं मी होतं."

"डिंक कोणी कालवला? त्यानेच ना? मग खोटं काय आहे यात?"

खोटं नाही, असं क्षणभर वाटलं. खरंच वाटलं. कोरड्या कुंकवाने काही झालं नसतं, पहिल्या वाऱ्याला उडून गेलं असतं. डिंक मामांचा. बक्कळ लावा, हेही मामाच म्हणाले. मी म्हटलं, विचार करून सांगते. एचओडी म्हणाले, "विचार कसला? सोमवारी द्या. आणि एक, त्याच्या कानावर घालू नका."

मामांना नोकरीत कायम करण्याची फाईल वर गेलीय. मार्चमध्ये बैठक आहे. हा कागद त्या फाईलला लागला की संपलंच.

१० जानेवारी, शनिवार

परेशला सांगितलं. टीव्हीचा आवाज त्याने स्वतः कमी केला. म्हणाला, "नऊ वर्षं तू घासलीस, तो नाही. सही कर." मला हेच ऐकायचं होतं, आणि त्याने म्हटल्यावर इतका राग आला की भाजी करपेपर्यंत तिथेच उभी राहिले. म्हटलं, तुझ्याकडे कंटेनर निसटला तेव्हा साखळी बांधणाऱ्या पोराचं नाव लावलं होतं ना? त्याने आवाज परत वाढवला.

सासूबाई लसूण सोलत होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"म कुकू लावला कुनी?"

"मी."

"मंग?"

एवढंच. आणि परत लसूण.

मी त्यांच्यावरही चिडले. म्हटलं, तुम्हाला काय जातंय, माझी नोंदणी जाणार आहे, परत पहिल्यापासून प्रवेश परीक्षा, परत सगळं, मी पन्नाशीला टेकेन तोवर! त्या म्हणाल्या, "हा, ते हाय." आणि सोललेल्या पाकळ्या माझ्याकडे सरकवल्या.

१२ जानेवारी, सोमवार

सही केली नाही. एचओडींना दुसरा अर्ज दिला, माझा. कुंकू मी लावलं, मी पुसलं नाही, कोणी मला अडवलं नव्हतं. त्यांनी वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की ही बाई कामातून गेली. "मॅडम, हा अर्ज म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड आहे."

"माहीत आहे, सर."

"आणि पूजेचं कशाला मध्ये आणलंत? विभागाचं हसं होईल."

मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही, पण दार आपटलं. फार चांगलं वगैरे मुळीच वाटत नाहीये. लोक म्हणतात खरं बोलल्यावर हलकं वाटतं. मी मुदतीचे उरलेले दिवस बोटांवर मोजतेय.

२३ जानेवारी, शुक्रवार

मुदतवाढ नामंजूर. अपेक्षाच होती, तरी जिन्यात बसून रडले.

मधल्या दिवसांत प्रॅक्टिकलची पोरं गेली की टनेल मिळेल तेवढं वापरलं. चारही पंखांच्या कडेला सारखी बारीक वाळू चिकटवली आणि एकाच दिवशी ओळीने मोजलं. आता निकाल बोलतो. गोलाईने वर वळलेलं पहिलं, दोन पात्यांचं त्याच्या अगदी मागोमाग, मग माझा कोयता, मग साधं. म्हणजे कोयता साध्याहून बरा आहे हो! पण इतका थोडा, की खऱ्या विमानावर त्याचं वजनच तो फायदा खाऊन टाकेल. राणे सर म्हणाले, "आकडे आता खरे आहेत. पण यात नवीन काय? आणि एका दिवसाच्या मोजणीवर प्रबंध उभा राहत नाही. मी हे सादर करू देणार नाही." मग कागद परत देताना म्हणाले, "तुझा अर्ज वाचला मी." पुढे काही म्हणायचं होतं त्यांना बहुतेक, पण फोन आला.

३१ जानेवारी, शनिवार

गेली नोंदणी.

परेशने बाहेरून बिर्याणी आणली, माझ्या आवडीच्या ठिकाणची. मी खाल्ली नाही आणि ते बरोबर नव्हतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये गेले. माझे कागद, पंख, सगळं आवरून कपाट रिकामं करायचं होतं. बढती मिळालेल्या पोराला ते कपाट हवंय.

मामांना एवढंच माहीत होतं की मॅडमची पीएचडी गेली. का गेली ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही, एचओडींनी नाही आणि मीही नाही. ते खोका धरून उभे होते आणि मी एक एक पंख वर्तमानपत्रात गुंडाळून आत ठेवत होते. शेवटी कोयता राहिला. तो मामांनी माझ्या हातातून घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि दार लोटून आले. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला म्याडम म्हणाले नाहीत.

"पोरी, रागावू नको. पन तुजं तूच घालवलंस. काम झालं व्हतं तुजं. सोन्यासारखं झालं व्हतं. मग कुकू पुसलंस. मी तवाच भायेर गेलो, मला बगवला नाय. पुसायला नको व्हतंस गो."

तोंडापर्यंत सगळं आलं. डिंक, अर्ज, टाइप केलेलं त्यांचं नाव, मार्चची बैठक, सगळं. मी किती तोंडाळ बाई आहे ते या वहीला माहीत आहे. दात आवळून धरले. त्यांच्या हनुवटीकडे बघत राहिले, दाढीचे पांढरे खुंट दोन दिवसांचे वाढलेले.

"हो मामा," म्हटलं, "चुकलंच माझं."

"जाऊ दे. देव काय डूक धरत नाय." त्यांनी कोयता स्वतःच गुंडाळून खोक्यात ठेवला, मग मला खांद्याला धरून टनेलसमोर उभं केलं. "पाया पड त्याच्या."

पडले.